२००८ चं आर्थिक संकट : कुठल्या पुस्तकावर विश्वास ठेवायचा?



गेल्या काही भागांत आपण बँका, व्याजदर आणि रोखे यांच्याविषयी बोललो. त्यानंतर इंदूर, बडोदा, बंगळुरू, हैदराबाद, अगदी तंजावरहूनही पत्रं आली. त्यांत एक मागणी पुन्हा पुन्हा होती : "२००८ सालचं संकट कशामुळे आलं, यावर एकच चांगलं पुस्तक सांगा."

एक नाव सांगून मोकळं होता येईल. पण मग तुमच्या हाती त्या एका लेखकाचं उत्तर पडेल. या विषयावर इंग्रजीत डझनांनी पुस्तकं आहेत, बरीचशी नामवंतांची आहेत, आणि ती एकमेकांशी भांडतात. एक म्हणतं, बँकवाले लोभी होते. दुसरं म्हणतं, सरकारनं घराघरात कर्ज पोचवण्याच्या नादात घात केला. तिसरं व्याजदराला दोष देतं, चौथं विषमतेला, पाचवं युरोपच्या बँकांना. सगळीच पुस्तकं पुरावे देतात. मग वाचणाऱ्यानं करायचं काय?

मी अर्थशास्त्रज्ञ नाही. साधा पदवीधर, आणि उमेदीची सगळी वर्षं फौजेत काढलेला माणूस. पण रिपोर्ट कसा वाचायचा हे फौजेत नीट शिकवतात. एकाच चकमकीबद्दल तीन चौक्यांकडून तीन अहवाल येतात, आणि तिन्ही प्रामाणिक असूनही जुळत नाहीत. तेव्हा कोण खोटं बोलतंय हे शोधत बसायचं नसतं. कोणाला कुठून काय दिसत होतं, हे आधी पाहायचं असतं. आज तीच रीत या पुस्तकांना लावू.

आणि हा नुसता वाचनाचा छंद नाही. आपल्या श्रोत्यांत निवृत्त मंडळी बरीच आहेत. ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी, विकलेलं जुनं घर, असे एकरकमी पैसे त्यांच्या हातात आलेले असतात. २००८ चं कारण तुम्ही जे मानाल, त्यावरून पुढचा धोका तुम्ही कुठे शोधणार ते ठरतं. सगळं लबाड माणसांमुळे झालं असं ज्याला वाटतं, तो पैसे ठेवताना समोरचा माणूस सज्जन आहे का एवढंच बघतो. पण २००८ मध्ये बुडालेल्या बऱ्याच पैशांवर सर्वोच्च मानांकनाचा शिक्का होता, आणि विकणारे कित्येक जण स्वतःही त्या शिक्क्यावर विश्वास ठेवून होते.

आधी थोडक्यात घटना

अमेरिकेत २००३-०४ मध्ये मध्यवर्ती बँकेचा, म्हणजे फेडचा, व्याजदर एक टक्क्यावर आला होता. घरांच्या किमती चढत होत्या. ज्यांची परतफेडीची पत कच्ची, अशांनाही घरासाठी कर्ज मिळू लागलं. हीच ती सबप्राइम कर्जं. कर्ज देणारी कंपनी ते स्वतःकडे ठेवत नसे, वॉल स्ट्रीटवरच्या बँकेला विकून टाके. ती बँक हजारो कर्जांची मोट बांधून तिचे रोखे करी. मानांकन संस्था त्यातल्या मोठ्या भागाला 'एएए' देत. मग ते रोखे जगभरातल्या बँका, विमा कंपन्या आणि पेन्शन फंड विकत घेत.

दुसरीकडे मोठ्या गुंतवणूक बँका स्वतःच प्रचंड उसनवारीवर चालत होत्या. लेहमन ब्रदर्सकडे २००७ च्या अखेरीस एका डॉलरच्या स्वतःच्या भांडवलावर सुमारे तीस डॉलरची मालमत्ता उभी होती. म्हणजे मालमत्तेची किंमत तीन-साडेतीन टक्के घसरली की भांडवल साफ. त्यातही उसने घेतलेले बरेच पैसे एका रात्रीच्या किंवा काही दिवसांच्या मुदतीचे, रोखे तारण ठेवून घेतलेले. रोज सकाळी ते कर्ज नव्यानं उभं करायचं.

२००६ नंतर घरांच्या किमती उतरल्या आणि हप्ते थकले. मार्च २००८ मध्ये बेअर स्टर्न्स जेपी मॉर्गनला विकावी लागली. ७ सप्टेंबरला फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जातल्या दोन महाकाय संस्था सरकारनं ताब्यात घेतल्या. १५ सप्टेंबरला लेहमननं दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला वाचवायला ८५ अब्ज डॉलरचं कर्ज द्यावं लागलं. आपल्याकडे सेन्सेक्स जानेवारीत २१ हजारांच्या घरात होता, तो ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली गेला. पवईत लेहमनचं मोठं कार्यालय होतं, ते पुढे नोमुरा या जपानी कंपनीकडे गेलं.

घटनाक्रमावर फारसा वाद नाही. वाद आहे 'का' या शब्दावर.

पहिली कसोटी : हे पुस्तक कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतंय?

समजा दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागली. कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. तिला चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं शोधावी लागतात. ठिणगी कुठून आली? स्फोटक माल इतका आणि असा का रचला होता? आग शेजारच्या शेडमध्ये कशी गेली? आणि विझवायला गेलेल्यांनी काय केलं? पहिल्याचं उत्तर 'विडीचं थोटूक' असू शकतं. ते खरंही असेल. पण त्यानं दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

२००८ वरची बहुतेक पुस्तकं यातल्या एका प्रश्नाचं उत्तर देतात आणि मुखपृष्ठावर मात्र सगळ्या संकटाचं कारण सापडल्याचा आव असतो. म्हणून पुस्तक उघडल्यावर पहिल्या पन्नास पानांत ठरवून टाका, हे चारपैकी कशाबद्दल आहे.

ठिणगीबद्दलचं सगळ्यात वाचनीय पुस्तक म्हणजे मायकेल लुइस यांचं 'द बिग शॉर्ट', २०१० सालचं. यावर सिनेमाही आला. सबप्राइम रोखे बुडणार असं ओळखून त्यांच्या विरोधात पैसे लावणाऱ्या मोजक्या लोकांची ही गोष्ट आहे. त्यात डॉक्टरकी सोडून गुंतवणुकीत आलेला मायकेल बरी आहे. हे रोखे आतून किती पोकळ होते हे या पुस्तकाइतकं सोपं करून कोणी सांगितलेलं नाही. पण पुस्तक मिटल्यावर असं वाटत राहतं की सगळं उघड दिसत होतं आणि बाकीचे मूर्ख होते. ते वाटणं थोडं बाजूला ठेवा. ज्यांनी आधीच्या वर्षांत अशीच पैज लावली आणि हरले, त्यांच्यावर पुस्तक निघत नाही.

माल का रचला, यासाठी तीन पुस्तकं सांगतो. जिलियन टेट यांचं 'फूल्स गोल्ड' जेपी मॉर्गनमधल्या एका तुकडीची कथा सांगतं. कर्ज बुडण्याचा धोका वेगळा काढून विकायचं साधन या तुकडीनं नव्वदच्या दशकात घडवलं. ते मोठ्या कंपन्यांच्या कर्जांसाठी होतं, आणि त्या कर्जांचा जुना हिशेब उपलब्ध होता. पुढे इतर बँकांनी तेच साधन गृहकर्जांना लावलं. देशभर एकाच वेळी घरांच्या किमती पडल्या तर काय होतं, याचा पुरेसा हिशेब तेव्हा कोणाकडेच नव्हता. जेपी मॉर्गन स्वतः या धंद्यात बऱ्यापैकी हात आखडून राहिली, ही यातली लक्षात ठेवण्यासारखी बाब.

दुसरं आपल्या रघुराम राजन यांचं 'फॉल्ट लाइन्स'. ते म्हणतात, अमेरिकेत सामान्य माणसाचं उत्पन्न वाढत नव्हतं, तेव्हा राजकारण्यांनी त्याला स्वस्त कर्ज दिलं. तिसरं अतीफ मियाँ आणि अमीर सूफी यांचं 'हाउस ऑफ डेट', २०१४ चं. त्यांनी पिनकोडनिहाय आकडे तपासले. २००२ ते २००५ या काळात जिथे लोकांचं उत्पन्न घटत होतं, तिथेच गृहकर्ज वेगानं वाढत होतं, असं त्यांना दिसलं.

आग पसरली कशी, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा भाग. गॅरी गॉर्टन यांचं 'स्लॅप्ड बाय द इन्व्हिजिबल हँड' सांगतं की २००७-०८ ला बँकेवर धाडच पडली होती, फक्त दारात रांग दिसली नाही. जुन्या काळी ठेवीदार पासबुक घेऊन धावायचे. या वेळी रात्रीपुरते पैसे देणाऱ्या मोठ्या संस्थांनी एकेक करून हात मागे घेतला. ॲडम टूझ यांचं २०१८ चं 'क्रॅश्ड' हीच आग अटलांटिक ओलांडून दाखवतं. युरोपच्या बँकांनी अमेरिकी रोखे डॉलर उसने घेऊन विकत घेतले होते. डॉलर मिळेनासे झाले तेव्हा फेडनं चौदा मध्यवर्ती बँकांना डॉलर पुरवले. त्या चौदांत ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया होते. भारत नव्हता.

विझवणाऱ्यांबद्दल अँड्र्यू रॉस सॉर्किन यांचं 'टू बिग टू फेल' आहे, आणि खुद्द विझवणाऱ्यांच्या आठवणी आहेत : अर्थमंत्री हेन्री पॉल्सन, न्यूयॉर्क फेडचे टिमोथी गाइथनर आणि फेडचे अध्यक्ष बेन बर्नांकी यांच्या. सॉर्किन वाचताना झोप उडते. लेहमनच्या त्या शनिवार-रविवारी कोण कोणाला काय म्हणालं, सगळं आहे. पण कोठारात इतका माल कसा साठला, हे त्यातून फारसं कळत नाही. कारण त्या दोन दिवसांत तो प्रश्न कोणी विचारतच नव्हतं.

दुसरी कसोटी : लेखक कुठे उभा होता?

आपल्या १९६२ च्या युद्धावरची पुस्तकं ज्यांनी वाचलीत त्यांना हे लगेच पटेल. ब्रिगेडियर जॉन दळवी नामका चू नदीवर आपल्या ब्रिगेडसह होते, चीनच्या कैदेत गेले आणि परत येऊन त्यांनी 'हिमालयन ब्लंडर' लिहिलं. लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल त्यांच्या वरच्या कोअरचे प्रमुख. त्यांनी 'द अनटोल्ड स्टोरी' लिहिलं. नेव्हिल मॅक्सवेल दिल्लीतले ब्रिटिश पत्रकार, त्यांनी तिसरंच चित्र उभं केलं. तीनपैकी एकच वाचणाऱ्याला युद्ध कळत नाही. तिन्ही वाचताना लेखकाची जागा लक्षात ठेवावी लागते.

इथेही तसंच. पॉल्सन आधी गोल्डमन सॅक्सचे प्रमुख होते. गाइथनर २००३ पासून न्यूयॉर्क फेडवर होते, म्हणजे वॉल स्ट्रीटवरच्या मोठ्या बँकांवर नजर ठेवणाऱ्यांत त्यांची संस्था होती. गॉर्टन प्राध्यापक असले तरी एआयजीच्या वित्तीय शाखेचे सल्लागारही होते. लुइस ऐंशीच्या दशकात सालोमन ब्रदर्समध्ये रोखे विकत होते आणि तेव्हापासून वॉल स्ट्रीटकडे तिरकस नजरेनं पाहतात. टेट मूळच्या मानववंशशास्त्राच्या, म्हणून बँकर मंडळींकडे त्या एखाद्या जमातीकडे पाहावं तशा पाहतात. यामुळे यांतलं कोणाचंही पुस्तक बाद होत नाही. उलट आतल्या माणसाला जे दिसतं ते बाहेरच्याला दिसत नाही. फक्त कुठल्या पानावर सावध व्हायचं ते कळतं. जिथे लेखकाच्या स्वतःच्या निर्णयाचा प्रश्न येतो, ते पान.

याचं ठळक उदाहरण म्हणजे लेहमन. बेअर स्टर्न्स वाचवली, एआयजी वाचवली, मग लेहमन का नाही? बर्नांकींची बाजू अशी की लेहमनकडे पुरेसं तारण नव्हतं, म्हणून कायद्यानं त्यांचे हात बांधलेले होते. लॉरेन्स बॉल या अर्थशास्त्रज्ञानं २०१८ साली याच एका मुद्द्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, 'द फेड अँड लेहमन ब्रदर्स'. कागदपत्रं तपासून त्यांचा निष्कर्ष असा की लेहमनकडे पुरेसं तारण होतं, आणि कायद्यानं कर्ज देता आलं असतं. तुम्ही कोणाची बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा. पण बर्नांकींच्या आठवणी वाचून झाल्यावर बॉल वाचल्याशिवाय ते ठरवू नका.

तिसरी कसोटी : आकडा कुठून आला?

एकाच गोष्टीचा उल्लेख दहा पुस्तकांत आला की ती खरी वाटू लागते. पण दहाही जणांनी एकाच ठिकाणाहून उचलली असेल तर तो एकच साक्षीदार झाला.

२००४ साली अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं, म्हणजे आपल्या सेबीसारख्या संस्थेनं, गुंतवणूक बँकांसाठी भांडवलाचा एक नियम बदलला. त्यानंतर अनेक लेखांत आणि पुस्तकांत लिहिलं गेलं की आधी बारापट उसनवारीची मर्यादा होती, ती या बदलानं उठली आणि बँका तीसपटींवर गेल्या. ऐकायला चोख वाटतं : एक तारीख, एक चूक, एक परिणाम. पण सरकारी लेखापरीक्षण यंत्रणेनं २००९ मध्ये आकडे मांडले, तेव्हा दिसलं की यांतल्या काही बँकांची उसनवारी १९९८ मध्येही तितकीच, किंवा जास्तच होती. उसनवारी घातक होती हे खरं. ती २००४ च्या त्या एका नियमामुळे आली, हे टिकत नाही.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण. १९७७ च्या एका कायद्यानं बँकांना आपल्या परिसरातल्या गरीब वस्त्यांतही कर्ज द्यायला भाग पाडलं, आणि म्हणून सबप्राइम कर्जं वाढली, असं काही जण ठामपणे लिहितात. अमेरिकी संसदेनं नेमलेल्या चौकशी आयोगाला दिसलं की सबप्राइम म्हणता येतील अशा महाग कर्जांपैकी फक्त ६ टक्क्यांचा त्या कायद्याशी काही संबंध होता. एवढ्या मोठ्या आगीला हे कारण पुरत नाही.

पहिली चूक बँकांवर चिडलेल्यांना आवडते, दुसरी सरकारवर चिडलेल्यांना. म्हणून जे विधान वाचून तुमचं तुम्हालाच 'बघा, मी म्हणत नव्हतो?' असं वाटेल, तोच आकडा आधी तपासा.

चौथी कसोटी : तेच कारण दुसरीकडे लावून पाहा

ही मला सगळ्यात उपयोगी वाटते, आणि यासाठी ग्रंथालयाची गरज नाही. लेखक एक कारण सांगतो. मग विचारा : हे कारण जिथे नव्हतं तिथे संकट आलं का? आणि हे कारण जिथे होतं तिथे संकट टळलं का?

१९९९ मध्ये व्यापारी बँक आणि गुंतवणूक बँक वेगळ्या ठेवणारा जुना अमेरिकी कायदा उठवला, म्हणून संकट आलं, असं म्हणतात. पण बेअर स्टर्न्स आणि लेहमन या निव्वळ गुंतवणूक बँकाच होत्या. तो कायदा असता तरी त्या तशाच चालल्या असत्या. फॅनी मे आणि फ्रेडी मॅकमुळे संकट आलं? आयर्लंड आणि स्पेनमध्ये त्या संस्था नव्हत्या, तरी तिथेही घरांचा फुगा फुगला आणि फुटला. राजन यांच्या विषमतेच्या मुद्द्यालाही हीच कसोटी लावा. अनेक देशांचा इतिहास तपासणाऱ्या बोर्डो आणि माइसनर या अभ्यासकांना कर्जाचा फुगा आणि संकट यांचा संबंध सापडला. विषमता वाढली की कर्जाचा फुगा येतोच, असा सर्वसाधारण संबंध मात्र सापडला नाही.

आता उलट बाजूनं पाहू. २००० ते २००२ मध्ये अमेरिकेत इंटरनेट कंपन्यांचे शेअर कोसळले. नॅसडॅक बाजारात सुमारे पाच लाख कोटी डॉलर गेले. २००७ मधली एकूण सबप्राइम कर्जं होती सव्वा लाख कोटी डॉलरच्या आसपास, आणि तीही सगळी बुडाली नाहीत. मग मोठ्या नुकसानीनंतर बँका उभ्या राहिल्या आणि लहान ठिणगीनं जग कसं पेटलं?

कारण शेअर लोकांनी मुख्यतः स्वतःच्या पैशांनी घेतले होते. किंमत पडली, माणूस हळहळला, पण देणं कोणाचं राहिलं नाही. घरं आणि घरांचे रोखे कर्जावर उभे होते, आणि ते रोखे घेणाऱ्या बँकाही कर्जावर उभ्या होत्या, तेही रात्रीपुरत्या. या एका तुलनेतून टिकाऊ कारण वेगळं निघतं : लांब मुदतीची मालमत्ता, आखूड मुदतीचं कर्ज, पातळ भांडवल, आणि सगळ्यांनी 'सुरक्षित' मानलेला कागद. रेनहार्ट आणि रोगॉफ यांच्या 'धिस टाइम इज डिफरंट' या पुस्तकात आठशे वर्षांतल्या संकटांचे तक्ते आहेत. तिथेही उसनवारीचा हा धागा पुन्हा पुन्हा दिसतो. याच जोडीच्या २०१० सालच्या एका वेगळ्या निबंधात एक्सेलच्या तक्त्यातली चूक निघाली होती आणि ती एका विद्यार्थ्यानं दाखवली होती. ती चूक या पुस्तकातली नाही. पण मोठ्या नावाचा आकडाही तपासावा लागतो, एवढं त्यातून घ्या.

एकच कागदपत्र, तीन निवाडे

वर ज्याचा उल्लेख केला तो आयोग २००९ मध्ये नेमला गेला आणि त्याचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला. दहा सदस्य, सातशेहून अधिक साक्षी, लाखो पानं. तरी एकमत झालं नाही. सहा जणांनी बहुमताचा अहवाल दिला : संकट टाळता आलं असतं, नियामक आणि बँका दोघेही चुकले. तिघांनी वेगळी टिपण दिली : बहुमताची मांडणी फार पसरट आहे, आणि इतर देशांतही असेच फुगे आले याचा विचार हवा. पीटर वॉलिसन या दहाव्या सदस्यानं एकट्यानं लिहिलं की मूळ कारण सरकारचं गृहनिर्माण धोरण.

पुष्कळांनी यावर हात झटकले, की दहा जाणत्यांना जमलं नाही तर आपल्याला काय कळणार. मला उलट वाटतं. एकाच बाडात तीन मतं छापलेली असल्यामुळे ताडून बघायला याच्याइतकं सोयीचं पुस्तक दुसरं नाही. शिवाय तो अहवाल मोफत मिळतो. त्यातली एक नोंद तेवढी सांगतो. २००६ मध्ये मूडीज ही एकच मानांकन संस्था दर कामाच्या दिवशी गृहकर्जांच्या तीस रोख्यांना 'एएए' देत होती. त्या वर्षी 'एएए' मिळालेल्यांपैकी ८३ टक्के रोख्यांचं मानांकन पुढे खाली आणावं लागलं.

आपल्याकडचं काय?

भारताच्या बाजूसाठी दोन गव्हर्नरांची पुस्तकं आहेत. वाय. व्ही. रेड्डी सप्टेंबर २००८ पर्यंत रिझर्व्ह बँकेवर होते. त्यांच्या काळात गृहकर्ज आणि व्यापारी बांधकामांच्या कर्जांसाठी बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं गेलं. त्यांच्या आठवणी 'ॲडव्हाइस अँड डिसेंट' या पुस्तकात आहेत. दुव्वुरी सुब्बाराव यांनी ५ सप्टेंबर २००८ ला पदभार घेतला, लेहमन बुडायच्या दहा दिवस आधी. 'हू मूव्हड माय इंटरेस्ट रेट?' या पुस्तकात रेपो दर ९ टक्क्यांवरून पावणेपाचपर्यंत खाली आणण्याचे ते महिने आहेत. एक आगीआधीची व्यवस्था सांगतो, दुसरा आग विझवणं. दोघंही स्वतःच्या कारभाराबद्दल लिहितात, तेव्हा दुसरी कसोटी इथेही विसरू नका.

आता या सगळ्याचा आपल्या पैशांशी संबंध. आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी मुंबईची कंपनी. जुलै २०१८ पर्यंत तिला सर्वोच्च मानांकन होतं. सप्टेंबरमध्ये तेच तळाला गेलं. समूहावर नव्वद हजार कोटींहून अधिक कर्ज होतं. पैसे रस्त्या-बोगद्यांत वर्षानुवर्षं अडकलेले, आणि त्यातली बरीच उसनवारी मात्र आखूड मुदतीची. भविष्यनिर्वाह निधींचेही पैसे त्यात होते. ज्यानं गॉर्टन वाचला होता, त्याला हे चित्र ओळखीचं होतं.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. आपल्या मराठी घरांतली कित्येक म्हातारी माणसं त्या रांगेत होती. तिथली गोष्ट वेगळी. सत्तर टक्क्यांच्या आसपास कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेलं, आणि ते खोट्या खात्यांआड लपवल्याचा आरोप. इथे गॉर्टन कामाला येत नाही. इथे लपवाछपवी शोधणारी, पत्रकारांची पुस्तकं जास्त शिकवतात.

दोन्हीकडे पैसे अडकले ते साध्या माणसांचे, पण कारणं दोन. म्हणून तपासायच्या गोष्टीही दोन. कंपनीचा रोखा घेताना विचारा : हिची देणी किती दिवसांत फेडायची आहेत आणि येणी किती वर्षांनी येणार आहेत? सहकारी बँकेत ठेव ठेवताना विचारा : पाच लाखांच्या विम्याच्या वर माझे किती पैसे या एकाच बँकेत आहेत? ही पाच लाखांची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे. त्याआधी ती एक लाखच होती.

मग वाचायचं काय?

एकच पुस्तक वाचणार असाल तर चौकशी आयोगाचा अहवाल घ्या, पण मतभेदाच्या टिपणांसकट. जाड आहे, तरी भाषा सोपी आहे. तीन वाचणार असाल तर 'द बिग शॉर्ट', मग 'हाउस ऑफ डेट', मग 'क्रॅश्ड'. ठिणगी, साठा आणि पसरणं, तिन्ही येतात. बँकेत किंवा विमा कंपनीत नोकरी केलेल्यांनी गॉर्टन जरूर वाचावा, इतरांना तो जड जाईल. सॉर्किन प्रवासात वाचा. राजन आपले म्हणून सगळं मान्य करू नका, पण जरूर वाचा. २००५ मध्ये, सगळे कौतुकात दंग असताना, त्यांनी फेडच्याच जॅक्सन होल परिषदेत बँकांच्या वाढत्या जोखमीबद्दल इशारा दिला होता.

आणि वाचताना जवळ एक वही ठेवा. प्रत्येक पुस्तकासाठी चारच ओळी : प्रश्न कुठला, लेखक कुठे होता, मुख्य आकडा कुठून आला, आणि ते कारण दुसरीकडे लागू पडतं का. दोन-तीन पुस्तकांनंतर त्या ओळी शेजारी शेजारी ठेवून बघा. कोण कशाबद्दल बोलतंय ते दिसू लागेल, आणि अर्धी भांडणं भांडणंच नव्हती हेही.

तुमच्या वहीतल्या ओळी मला जरूर पाठवा. पुढच्या भागात मानांकन संस्था पैसे कोणाकडून घेतात आणि त्यानं काय बिघडतं, याबद्दल बोलू. तोवर मुदत ठेवीची पावती काढून एकदा तारीख आणि रक्कम पाहून घ्या.

जय हिंद.